उत्तर आधी, रीडिंग नंतर

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत लंबकाचा एक स्टँड होता. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. दोऱ्याला बांधलेला गोळा सोडला की तो झुलायचा आणि आपल्याबरोबर स्टँडलाही झुलवायचा. त्या झोक्यांना लागणारा वेळ मोजून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, असा तो प्रयोग. पुस्तकात तो आकडा ९८०. आमच्या स्टँडवर यायचा ९४०, ९५०, असा काहीही. शहाण्या माणसाने अशा वेळी स्टँड दुरुस्त केला असता. आमच्याकडे रीडिंग दुरुस्त करत.

याला ‘जुळवणं’ म्हणत. आधी ९८० लिहायचं, मग कॅल्क्युलेटर घेऊन उलटं जात जात वेळ किती यायला हवा होता ते काढायचं, आणि खरं वाटावं म्हणून एखादं रीडिंग किंचित वर, एखादं किंचित खाली करायचं. कोशिंबिरीवर कोथिंबीर भुरभुरावी तशी चूक भुरभुरायची. ही विद्या कुणी चोरून देत नव्हतं, प्रॅक्टिकलचे सर उघड शिकवायचे. बरीच मुलं तर गोळा सोडायचेही कष्ट घेत नसत. लंबक बिचारा दोरा गुंडाळून टेबलावर पडलेला असे आणि सगळ्यांची पृथ्वी पुस्तकाबरहुकूम ओढत असे.

मी पहिल्यांदा ९४३ लिहून नेलं तेव्हा सरांनी लाल पेन हवेतच थांबवलं.

“हे काय?”

“सर, एवढंच आलं. स्टँड हलतो.”

“नाचता येईना अंगण वाकडं! सगळ्यांना नऊशे ऐंशी येतं, तुलाच कसं येत नाही? लालबागची पृथ्वी वेगळी आहे का?”

वर्ग हसला. मला दहापैकी चार गुण मिळाले आणि वर ‘जुळवून आण’ असा शेरा. मी नाही आणलं. यात काही सत्यनिष्ठा वगैरे नव्हती, मला फक्त भयंकर राग आला होता. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

भौतिकशास्त्राची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते हे मला त्याच वर्षी, अकरावीत, कळलं. कॉलेजातून नव्हे. कॉलेजला तेव्हा फक्त डे साजरे करायचे माहीत होते. आधी एक देशभराची परीक्षा, मग तिच्यातून वर आलेल्यांची दुसरी, मग त्यांतल्या निवडक मुलांचं उन्हाळ्यात शिबिर आणि त्या शिबिरातून निवडलेल्या पाच जणांचा भारताचा संघ. मी दादरच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये चौकशीला गेले. तिथे काउन्सेलर म्हणून बसवलेल्या बाईंनी माझ्याकडे मी चित्रकलेच्या परीक्षेबद्दल विचारल्यासारखं पाहिलं. “त्याचा एंट्रन्सला काहीच उपयोग नाही. फोकस हलतो मुलांचा,” त्या म्हणाल्या. मी पहिल्या दोन्ही परीक्षा पार केल्यावर त्याच क्लासचा आपण होऊन फोन आला, फोटो पाठवा म्हणून. मी त्यांच्याकडे एक दिवसही शिकले नव्हते. फोकस बहुधा आता जागेवर आला असावा.

अभ्यास मी परळच्या एका अभ्यासिकेत केला, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या घोळक्यात, गळक्या कुलरखाली. त्यात काही रोमांचक नाही. गणितं सोडवायची, चुकायची, परत सोडवायची. ज्यांना ही गोष्ट प्रेरणादायी करून हवी असते, त्यांना मी इथेच नमस्कार करते.

शिबिरासाठी निवड झाल्याचं बाबांनी चाळीच्या मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. त्यांना सगळी चाळ ‘भाऊ’ म्हणते. बाबांना वाटलं, नळाशी गप्पा मारताना सांगावं तसं आपण सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या गेटावर बॅनर लागला. वर ओळीने नेत्यांची तोंडं, मध्ये हात जोडलेले भाऊ, आणि खाली कोपऱ्यात, जिथे सहसा छापखान्याचं नाव असतं, तिथे शाळेच्या ओळखपत्रावरचा माझा दोन वेण्यांचा फोटो. मजकूर असा, की आपल्या विभागाच्या सुकन्येची जागतिक स्पर्धेसाठी भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

संघात! मी शिबिराची पिशवीसुद्धा भरली नव्हती.

मी बाबांना घेऊन भाऊंकडे गेले. भाऊ गादीवर मांडी घालून मोबाइलमध्ये त्याच बॅनरचा फोटो कुणाकुणाला पाठवत होते. मी समजावून सांगितलं की अजून खरी निवड व्हायचीय, पाचच जण घेणार आहेत, आणि मी त्यांत नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

“अरे बेटा, शिबिर-बिबिर पब्लिकला कळत नाय,” भाऊ म्हणाले. “डायरेक्ट टीमच लिवलं. होणारच आहे ना सिलेक्शन? टेन्शन कशाला घेते?” मग बाबांकडे वळून, “काय रे, आपल्या पोरीवर भरोसा नाय काय तुला?”

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मला पाठ होती. तुरी बाजारात असताना भटणीला नारळ देऊन तिचा सत्कार करतात, हे लालबागला येऊन शिकावं. जुळवणंच हे. ९८० आधी लिहून झालं होतं, आता रीडिंग मी आणायची होती.

बाबांनी नुसती मान हलवली. जिना चढताना मी त्यांना म्हटलं, काढायला सांगा ना तो. ते म्हणाले, “लावलाय तर राहू दे. चाळीत राहायचंय आपल्याला.” आई तेवढी खरं बोलली. “मेल्यांनी फोटो तरी बरो लावूक होयो होतो,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. बाबांचा मला त्या दिवशी आला तेवढा राग कधी आला नव्हता. लोअर परळच्या ऑफिसात आयुष्यभर साहेबांपुढे मान हलवून हा माणूस आता भाऊंपुढेही हलवतोय, असं मला वाटलं. वर असंही वाटलं की आतून त्यांना तो बॅनर आवडलाय. सकाळ-संध्याकाळ मुलीच्या फोटोखालून जायला कुठल्या बापाला आवडणार नाही?

एक मेच्या सार्वजनिक पूजेला स्टेजवर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक सन्मानचिन्ह, ज्यावर माझं आडनाव चुकलं होतं. भाऊंनी भाषणात मला परदेशी पाठवलं, पदक मिळवून दिलं आणि सुखरूप परतही आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रसाद घेताना शेजारच्या काकींनी विचारलं, “मग कधी आलीस गो परत?” मी म्हटलं, अजून गेलेच नाहीये. त्या हसल्या, मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं.

आधी मला फक्त संघात जायचं होतं. आता नाही गेले, तर ती खोटी सुकन्या गणपतीपर्यंत गेटावर लटकणार होती, आणि भाऊंचं काही बिघडणार नव्हतं. ‘पोरगीच कमी पडली’ एवढं म्हणून ते मोकळे झाले असते. येता-जाता लोकांना उत्तरं बाबांना द्यावी लागली असती.

शिबिर मुंबईतच होतं, शीवच्या पुढे. देशभरातली मुलं विमानाने आली, मी बसने गेले. बहुतेक मुलं मोठमोठ्या क्लासांत घडवलेली. गणित पुरं वाचायच्या आत सूत्र सांगत. त्यांच्यापुढे पहिले काही दिवस मी अगदीच मठ्ठ वाटत होते, आणि थोडी होतेही. घरी फोन केला की बाबा खोकत. विचारलं तर म्हणायचे, “हवा बदललेय.” मे महिन्यात मुंबईची हवा कसली बदलतेय, पण मी घाईत असायचे. “सगळे विचारतात तुझं,” ते सांगायचे, आणि मला वाटायचं, झालं, घेत असतील कौतुक करून.

शेवटच्या प्रायोगिक परीक्षेत आम्हाला एक बंद, गुळगुळीत नळकांडं दिलं. ते उतारावरून घरंगळत सोडायचं, वेगवेगळ्या अंतरांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि न उघडता आत काय आहे ते सांगायचं. आत भरीव असेल तर एक आकडा येतो, पोकळ असेल तर दुसरा. दोन्ही पुस्तकात दिलेले. माझा आकडा दोन्हींत बसेना. वर आलेख काढला तर बिंदू सरळ रेषेत यायला तयार नाहीत. सुरुवातीला नीट चालायचे आणि पुढे जाऊन वाकायचे.

मी सगळं परत केलं. बिंदू परत वाकले. नळकांडं हलवून पाहिलं, आवाज नाही. आणि तेव्हा, खरं सांगते, मला पदार्थविज्ञान आठवलं नाही, तो बॅनर आठवला. शेवटचे दोन बिंदू थोडे सरकवले असते की झकास सरळ रेष, आकडा भरीवच्या जवळ, आणि सुकन्या सुखरूप. पद्धत पाठ होती. वर्षभर आजूबाजूला दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आणि मग ‘जुळवून आण’ हा शब्द सरांच्या आवाजात कानात आला आणि मला पहिल्यासारखाच राग आला. मनात म्हटलं, नाही आणत, जा! बिंदू होते तिथे ठेवले आणि ते का वाकतात याचा विचार करायला लागले.

कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं ओट्यावर फिरवून ओळखतात, तसंच होतं ते. उकडलेलं एकसंध फिरतं. कच्च्याचं कवच फिरतं पण आतला बलक मागे रेंगाळतो, आणि हळूहळू ओढला जातो. नळकांडं काठोकाठ दाट तेलाने भरलेलं होतं. सुरुवातीला एकटं कवच फिरत होतं, म्हणून ते भराभर जात होतं, पुढे तेलही फिरायला लागलं आणि त्याचा वेग पहिल्यासारखा वाढेनासा झाला. रेष वाकत होती, तेच उत्तर होतं.

परीक्षेनंतरच्या चर्चेत एका प्राध्यापकांनी नळकांडं उघडून तेल दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, “तुमच्यापैकी अनेकांच्या आलेखांत सुंदर सरळ रेष आहे. ती तुम्हाला कुठे सापडली, ते मला सांगाल का?” विमानाने आलेली मुलं बुटांकडे पाहत होती. म्हणजे आखूड पायाचा स्टँड फक्त आमच्या कॉलेजात नव्हता. मला फार बरं वाटलं, ते मी लपवणार नाही.

शेवटच्या दिवशी पाच नावं वाचली, त्यांत माझं होतं. मला आनंद झाला, रडायलाही आलं, आणि त्याच्या मागोमाग मनात आलं की चला, भाऊंचा बॅनर खरा झाला. फोन केला तर भाऊंनीच घेतला. ते आमच्याच घरी चहाला बसले होते. “आम्ही आधीच बोललो होतो ना? एक अक्षर बदलायला लागणार नाय,” ते म्हणाले. माणूस निकालाआधीच बरोबर असला की त्याला निकालाचं कौतुक कशाला?

सरांचं सांगायचं राहिलं. कॉलेजने माझा सत्कार केला तेव्हा ‘प्रयोगाची गोडी मीच लावली’ असं ते म्हणाले. पुढे बारावीच्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मला नेमका लंबकच आला. तोच स्टँड, तीच पुठ्ठ्याची घडी. सर वाकून हळूच म्हणाले, “आता तरी नऊशे ऐंशी आण गं. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे.” मी ९४६ लिहिलं.

पण शिबिराहून परतले त्या संध्याकाळी बाबा बसस्टॉपवर घ्यायला आले होते. माझी पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली आणि आम्ही चालायला लागलो. चाळीचं पुढचं गेट दिसायला लागलं तसे ते सरळ जायचं सोडून डावीकडे वळले, मागच्या गल्लीत. मे-जूनला त्या गल्लीत मसाल्याचा हंगाम असतो. मिरची कांडपाची यंत्रं दिवसभर धडधडतात आणि तिखटाचा खकाणा माणसाला उभा राहू देत नाही. बाबांना तर त्याचं वावडंच. एका उन्हाळ्यात त्यांना तिथे असा ठसका लागला होता की दोघांनी धरून घरी आणलं होतं. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ते त्या गल्लीचं तोंड पाहत नसत.

“बाबा, इकडून कुठे?”

ते थांबले. आपण कुठे वळलो हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. रुमाल आधीच नाकावर होता.

“सवय लागली,” ते म्हणाले. “त्या बॅनरखालून जाववत नव्हतं गं. लोक अभिनंदन करायचे. नाही झालं तर तुला काय वाटेल, तेच डोक्यात यायचं.”

पुढे त्यांना खोकल्याने बोलता येईना. मी पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून घेतली आणि त्यांना परत पुढच्या रस्त्याकडे वळवलं.