उभ्या गाडीचं तेल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाहूरच्या आमच्या खोलीत कोलंबी सोलत होते. फोनवर त्याच्या ऑफिसातली पल्लवी. "मावशी, काका गाडीतून उतरले, खाली बसले, ते..." मी तशाच ओल्या हातांनी दार ओढून निघाले.

सव्वा महिना झाला. रडू येतं, ओसरतं. एक गोष्ट मात्र स्वस्थ बसू देत नाही.

दादा सर्व्हेची गाडी चालवायचा. इंजिनाला तेल मोजायचं मीटर, शेजारी पल्लवी लिहायला. इतर गाड्यांच्या चालीने मुलुंड ते घाटकोपर जायचं, यायचं. कुठल्या सिग्नलला किती पेट्रोल जळतं, त्यावरून रस्त्याचं पुढे काय करायचं ते ठरणार. पण आमचे बाबा टॅक्सीवाले. उभ्या गाडीला तेल पाजू नये, ही त्यांची शिकवण. लाल दिवा लांबला की दादाचा हात आपोआप चावीवर. नाहूरचा सिग्नल सगळ्यात लांब, तिथे चार दिवस त्याने इंजिन बंद केलं. पल्लवी नवी, तिला वाटलं असंच करायचं असतं. पाचव्या दिवशी साहेब सहज म्हणाले, "लोक उभ्या उभ्या जाळतात, तेच तर मोजायचंय." त्या दिवशी दादा जेवेना.

"आपल्या सिग्नलला तेल जळतच नाही, असं जाईल गो वर."

"गप राहा रे. नोकरी जाईल. कोणाक कळतला?"

"आकड्याक कळतला."

कोणाला सांगायचं नाही, म्हणून मी त्याला आईची शपथ घातली. नंतर दोनदा तो म्हणाला, "शपथ सुटली म्हण गो." मी हसण्यावारी नेलं... म्हणायचं राहून गेलं.

परवा पल्लवी त्याचा डबा द्यायला आली. चहा देता देता माझ्या तोंडून सगळं निघालं. तिने कप खाली ठेवला.

"रिपोर्ट अजून गेला नाहीये, मावशी. साहेबांपुढे तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर म्हणतील, तू काय झोपली होतीस?"

"झोपली होतीस?"

"नाही हो. काका माशांच्या गोष्टी सांगायचे."

चौथी शिकलेली बाई मी. रेशनला नंबर आला तरी मागे सरते. पण हो म्हटलं.

उद्या अकराला जायचंय. सकाळपासून त्याच्या खाटेच्या कडेला बसून वाक्य जुळवतेय. साहेब, त्याला सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही... तिथवर आले की उठते, पाणी पिते, पुन्हा येऊन बसते.