पार्किंगमधल्या पिवळ्या रेघा

धर्मामामा गेल्याचं मला कळलं ते एका पोस्टरवरून. मामेभाऊ निलेशचा फोन यायच्या आत सुकापूरच्या त्यांच्या सोसायटीचं पोस्टर मोबाइलवर येऊन पडलं होतं. वर मामाचा फोटो, खाली हात जोडलेली अख्खी कमिटी आणि मधे झेंडूच्या चौकटीत लिहिलेलं : 'आमच्या सोसायटीचं चालतंबोलतं चैतन्य हरपलं'. चालतं... ज्या सात जणांनी ठराव करून त्याचं चालणं बंद केलं, त्यांनाच हा शब्द सुचावा. महिना उलटला, तरी ते पोस्टर मी पुसलेलं नाही. निर्लज्जपणाचा नमुना जपून ठेवावा लागतो.

मामा उरणच्या खाडीकाठचा. होडी सुटून, बंदरावरची नोकरी संपून तो मुलाच्या फ्लॅटमध्ये आला तरी त्याच्या डोक्यात खाडीच होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशोब. चतुर्थी म्हटलं की 'तीन', दशमी म्हटलं की 'साडेसात', समोरच्याचं बोलणं संपायच्या आत. मग कंपवात आला. हात थरथरायचा त्याचं त्याला काही नव्हतं. पण एकदा मी पंचमी म्हटलं आणि तो बोटं मोजायला लागला. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. "बाय, हिशोब कुटं गेला गं?" म्हणाला. तेवढं एकदाच मी त्याला घाबरलेलं पाहिलं.

घरातल्यांनी ठरवलं, वय झालं, आराम करू द्या. आराम म्हणजे टीव्हीसमोरची खुर्ची. आपल्याकडे म्हातारा माणूस खुर्चीत गप्प बसला की लोकांना वाटतं, सेवा झाली. कामोठ्याच्या फिजिओथेरपिस्ट बाई मात्र स्पष्ट बोलल्या : व्यायामाने आजार जाणार नाही, पण नेमाने केला तर चालणं सुधारतं आणि बऱ्याच जणांचं लक्ष, आठवण, विचारांचा वेगही टिकायला मदत होते. चालताना मामाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, म्हणून त्यांनी समोर रेघा आखायला सांगितल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. आणि जरा जमायला लागलं की चालता चालता हिशोब करायचा.

मामाने वॉचमनला पटवलं. सकाळी गाड्या निघाल्या की पार्किंग मोकळं व्हायचं. उरलेल्या पिवळ्या ऑइलपेंटने त्याने तिथे आडव्या रेघा मारल्या. मी मागे कमरेशी हात धरून. गुडघा उचल, रेघ ओलांड, तिथी सांग, भरती सांग. पहिले काही आठवडे भलतंच सांगायचा आणि स्वतःलाच शिव्या द्यायचा. पावसाळा सरता सरता एका सकाळी मी "नवमी" म्हटलं, तो न थांबता "पावणेसात" म्हणाला, आणि वर मलाच, संस्थेची पत्रकं वाटत फिरणारीला, "तुला येतंय काय, का नुसतीच पत्रकं वाटतेस?"

वाटली ना. तेच तर केलं मी. 'कंपवाताच्या रुग्णांना चालायला जागा द्या' असं पत्रक छापलं, त्यावर पार्किंगमधला मामाचा फोटो टाकला, त्याला न विचारता. तोवर कुणाचं लक्षही नव्हतं. पत्रक सोसायटीत पोचलं आणि कमिटीला जाग आली. सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, फ्लॅट बघायला लोक येतात. असं थरथरत कोणी फिरताना दिसलं, तर कसं वाटतं? उद्या पडले, तर जबाबदारी कोणाची?" पहिलं कारण खरं होतं, दुसरं सभेत वाचायला होतं. ठराव झाला, पार्किंगमध्ये फेऱ्या मारायला मनाई. बाहेर रस्त्याला फुटपाथ नाही. निलेश म्हणाला, "जाऊ दे ताई, इथंच राहायचंय आम्हाला." त्याला मी नेभळट म्हटलं. मामा मला एवढंच म्हणाला, "जाळं टाकायच्या आधी बोंब मारलीस, बाय. मासं थांबत नाय."

खुर्ची जिंकली. चार-पाच महिन्यांत तिथी विचारली की तो नुसता हसायचा. शेवटी छातीत कफ झाला आणि मामा गेला. तो चालत राहिला असता, तर जास्त जगला असता का... मला माहीत नाही. खोटं छापायची सवय मला नाही. पण त्याची भरती त्याच्याजवळ राहिली असती, असं मला वाटतं. शेवटच्या भेटीत मी म्हटलं, "मामा, आज षष्ठी." मग खुर्चीतल्या खुर्चीत त्याने एक गुडघा उचलला, मग दुसरा. समोर नसलेल्या रेघा तो ओलांडत होता. मी मोजत होते. विसाव्या-बाविसाव्या पावलाला म्हणाला, "साडेचार."

तेराव्याला मी खाली पार्किंगमध्ये गेले. कमिटीने रेघा ॲसिडने घासल्यात, पण ऑइलपेंट तो, फिका झाला, गेला नाही. मी पहिली रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली. सेक्रेटरी गाडी लावत होते. काच खाली करून म्हणाले, "मॅडम, इथे फेऱ्या मारायला मनाई आहे."

"आज तिथी काय?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल काढला, शोधलं. "सप्तमी. का?"

"मग भरती किती वाजता?"

ते पुन्हा मोबाइलकडे बघायला लागले. "सव्वापाच," मी म्हटलं आणि तिसरी रेघ ओलांडली.