एक हजार नऊ माणसांच्या सारख्या टोळ्या

बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर मी माती उचलत होतो. खिशात पत्रकं असायचीच. मुकादम आपल्या माणसांच्या टोळ्या मोठ्या ठेवायचा, आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या लहान. खणायचा तुकडा मात्र सगळ्यांना सारखाच. म्हणून आम्ही पत्रक काढलं: सगळ्या टोळ्या सारख्या झाल्याच पाहिजेत.

कामावरच्या सरकारी साहेबानं ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं सोळा-सोळा माणसं बसवली आणि शेवटी एकजण उरली. आमच्या शेजारची मावशी. ती सगळ्यात उशिरा कामावर लागली होती, आणि तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"मावशी, तुमी घरी जावा," मुकादम म्हणाला.

"घाला की त्यांना कुठल्याबी टोळीत," मी म्हणालो.

"मंग ती टोळी सतराची व्हईल, पुढारी. उद्या पुन्हा पत्रक काढताल. तुमीच लिवलंय न्हवं, सारख्या म्हणून?"

लोक हसले. मावशीनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"दुपारपर्यंत दुसरी वाटणी सांगा," मुकादम म्हणाला. "बसली तर बसवतो."

कामावर एक हजार नऊ माणसं होती. एवढ्या मोठ्या संख्येला कुठंतरी भाग जाईलच, असं मला वाटलं. भाकरीच्या सुट्टीत चुनखडीच्या तुकड्यानं घमेल्याच्या पाठीवर मांडत बसलो. सातांच्या टोळ्या केल्या, एक उरला. आठांच्या, नवांच्या, बारांच्या केल्या, तरी एकच. म्हणजे मावशीच. तेरांनी भागलं तर आठजण बाहेर. सतरा, एकोणीस, तेवीस, कुणीच दाद देईना. एकतीसपर्यंत पोचलो आणि थांबलो. बत्तीस गुणिले बत्तीस एक हजार नऊच्या पुढं जातात. त्याहून मोठा भाजक असता तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता. संख्या मूळ होती. तिचे सारखे भाग होतच नव्हते. साहेबानं शंभरदा हो म्हटलं असतं, मोर्चा काढला असता, तरी झाले नसते.

चिडायचं तरी कुणावर?

मग एक कमी करून पाहिला. एक हजार आठला दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ, कितीतरी आकड्यांनी भाग जात होता. सोळांच्या बरोबर त्रेसष्ट टोळ्या.

मी मुकादमाकडं गेलो. "माझं नाव काढा. माझ्या जागी मावशींना घ्या."

"आन् कामावर मिळती ती सुकडी कुठं खाताल? पत्रकं चावून?"

मावशी मागून आली. "येडा हायस का रं? तुजी माय काय म्हनंल मला?"

"काय न्हाय म्हणणार," मी म्हणालो. हे मला माहीत नव्हतं.

मावशी चुंबळ डोक्यावर ठेवून माझ्या टोळीत माझ्या जागेवर उभी राहिली. घमेल्याच्या पाठीवरचे आकडे तसेच होते. त्याच घमेल्यात माती भरून कुणीतरी ते तिच्या डोक्यावर चढवलं. मी गावाकडं चालू लागलो.