पाण्याची नऊ स्टेशनं आणि वन्संची सही

एका दंतवैद्याच्या तळघरात बसून एकोणतीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या एक बाई होत्या. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना कवळीबाईच म्हणत. वरून डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवत. बाई त्यात प्लास्टर ओतत, मेणात एकेक दात बसवत, आणि वरच्या-खालच्या दातांच्या चाव्यात केसाइतका फरक राहिला तरी सगळे दात काढून पुन्हा पहिल्यापासून बसवत. "चालतंय की हो, कोण बघतंय?" असं डॉक्टर एकदाच म्हणाले होते. बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. डॉक्टर मुकाट्याने जिना चढून वर गेले.

अशा बाईला मेट्रोचा नाद लागला तोही चिडण्यातून. एकदा घरी जाताना डुलकी लागली आणि बाई थेट शेवटच्या स्टेशनाला जाऊन पोचल्या. स्टेशनाचं नाव 'दीपगृह'. बाहेर येऊन बघतात तर समोर टायरचं दुकान. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. टायरवाल्याला विचारलं, "दीपगृह कुठे आहे?" तो म्हणाला, "तुम्ही आत्ता त्यातूनच बाहेर आलात की." बाईंचं पित्त खवळलं. मग त्यांनी 'पाणचक्की' बघितलं, तिथे पाणी नव्हतं. 'जुनी विहीर' बघितलं, तिथे बँक होती. ही नावं ठेवली कोणी, हे शोधता शोधता त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या एका मंडळात जाऊन पडल्या.

मंडळात अकरा माणसं. त्यांनी स्टेशनांचे नावांवरून संच पाडले होते: झाडांचा, पक्ष्यांचा, रंगांचा, पाण्याचा. संचातल्या प्रत्येक स्टेशनावर उतरून नावाच्या पाटीला हात लावायचा, आणि पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत किती वेळ लागला तो नोंदवायचा. बक्षीस नाही, कप नाही. एक जाडजूड वही, आणि ती सांभाळणारे एक निवृत्त ड्राफ्ट्समन, वहीकाका. वहीकाकांचे नियम तीन. दोन्ही पाय फलाटावर टेकले पाहिजेत. सोबत एक साक्षीदार हवा. आणि प्रत्येक स्टेशनासाठी 'पाटीला हात लावताना मी डोळ्यांनी पाहिलं' अशी त्या साक्षीदाराची सही हवी.

पाण्याच्या संचात नऊ स्टेशनं होती आणि विक्रम एक तास एकेचाळीस मिनिटांचा. तो जिराफाच्या नावावर होता. जिराफ म्हणजे मंडळातलाच एक व्यायामशिक्षक, लांब टांगांचा. बाईंनी चार वेळा धाव घेतली होती आणि चारही वेळा दोन-तीन मिनिटांनी हुकल्या होत्या. आता मात्र त्यांनी सहा महिने खपून नवा मार्ग बसवला होता. कुठल्या डब्याचं कुठलं दार जिन्यासमोर उघडतं, कुठला सरकता जिना रविवारी बंद असतो, सगळं पाठ. आणि नेमकं आदल्या संध्याकाळी त्यांच्या नेहमीच्या साक्षीदाराचा, एका पोस्टमनचा, पाय मुरगळला.

"ताईला ने की," नवरा म्हणाला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, बाईंच्या वन्सं. आठवडाभर राहायला आल्या होत्या. लहान मुलांच्या वॉर्डात अडतीस वर्षं नर्स. गुडघे ठणठणीत, चाल झपाझप, पण रस्त्यात माणूस दिसलं की थांबलंच पाहिजे असा स्वभाव. पण दुसरं होतं कोण? नवरा स्वतः सरकत्या जिन्याला घाबरायचा.

सकाळी पाणचक्कीच्या फलाटावर बाईंनी सगळं समजावून सांगितलं. वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हे करून मिळतं काय?"

"काही नाही."

"मग?"

"वन्सं, गाडी आली."

पहिली दोन स्टेशनं झक्क गेली. तिसऱ्याला वन्संनी एका बाळाची गाडी जिन्यावरून उचलायला हात दिला, आणि वर पोचल्यावर बाळाच्या आईला त्याच्या अंगावरच्या पुरळाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. बाई दहा पायऱ्या पुढे उभ्या, हातात घड्याळ. वन्संवर ओरडायचं कसं? लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्यांच्यापुढे आवाज चढला नव्हता. "वन्सं, जरा येता का?" एवढंच त्या म्हणाल्या, पण दात असे आवळले होते की ती कवळी असती तर तडकली असती.

"आले गं. पोर सगळं अंग खाजवून काढतंय, आणि तुझं आपलं घड्याळ!"

गाडी गेली. पुढची चार मिनिटांनी. बाईंनी कपाळाला हात लावला.

चौथ्या स्टेशनावर वन्संना एका झाडूवालीचं खोकणं आवडलं नाही. पाचव्यावर एकाने पत्ता विचारला, आणि या शहरात पाहुण्या असूनही वन्सं त्याला पत्ता सांगू लागल्या, तोही चुकीचा. बाईंनी त्यांचं कोपर धरलं आणि अक्षरशः ओढत गाडीत नेलं. दार मागे बंद झालं.

"धरून काय नेतेस? मी काय पळून जाणार आहे?"

"पळालात तर बरं होईल हो!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

वन्संनी तोंड फिरवलं. पुढच्या दोन स्टेशनांत चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि रागाने अशा तरातरा चालल्या की बाईंनाच मागून धावावं लागलं. वाया गेलेला सगळा वेळ भरून निघाला. सातवं 'दोन तळी' झालं, आठवं 'दगडी पूल' झालं. शेवटची गाडी दार बंद होता होता मिळाली. दीपगृहच्या पाटीवर बाईंचा तळवा पडला तेव्हा घड्याळात एक तास चाळीस मिनिटं आणि अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. बारा सेकंदांनी विक्रम मोडला होता!

बाई मटकन बाकावर बसल्या. हसू आवरेना, श्वास पुरेना. वन्संचा हात धरून म्हणाल्या, "मघाशी बोलले ते पोटात घाला. तुमच्यामुळे झालं." मग पिशवीतून कागद काढला, पेन पुढे केलं.

वन्संनी चष्मा लावला. नऊ स्टेशनं, नऊ ओळी. एकेका ओळीवर बोट ठेवत त्या सही करत गेल्या. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"इथे मी तुला पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"दोन तळ्यांना. उतरताना त्या म्हाताऱ्या गृहस्थांची काठी दारात अडकली होती ना, ती सोडवत होते. पाठ होती माझी तुझ्याकडे."

"पण मी उतरले होते! पाटीला हात लावला होता!"

"लावला असशील. मी कुठे नाही म्हणते? पण इथे लिहिलंय 'डोळ्यांनी पाहिलं'. मी नाही पाहिलं."

"वन्सं, मी खोटं बोलतेय का?"

"छे गं. पण अडतीस वर्षं मी पोरांच्या तक्त्यावर ताप लिहिला, तो थर्मामीटर स्वतः बघून. आई म्हणाली म्हणून कधी लिहिला नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी विनवून पाहिलं. रागावून पाहिलं. शेवटी, ज्या शब्दांची त्यांना आयुष्यभर चीड होती तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडले. "चालतंय हो वन्सं, कोण बघतंय?"

म्हटलं आणि त्यांनाच कसंतरी झालं. वन्संनी पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं. सातवी ओळ कोरी.

घरी दोन दिवस अबोला. नवरा दोघींच्या मध्ये ताटं वाढत, कधी हवेबद्दल, कधी नळाबद्दल बोलत राहिला. शेवटी बायकोला हळूच म्हणाला, "एक सही तर आहे. तू करून टाक ना तिच्या नावाची."

"अक्कल आहे का तुम्हाला?" बाई कडाडल्या. आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "नाहीच आहे. लहानपणापासून नाही." अबोला तिथेच सुटला, पण चिडचिड काही सुटली नाही. बाई पुढेही कितीतरी दिवस जेवताना मध्येच हात थांबवून म्हणत, "एका काठीपायी!"

मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत बाईंनी कागद वहीकाकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, सातव्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि मान हलवली. जिराफ उठून म्हणाला, "लिहून टाका हो काका. माझी हरकत नाही. बाई कशाला खोटं सांगतील?"

"तुम्ही गप्प बसा," बाई त्यालाच म्हणाल्या. "ओळ कोरी आहे, दिसत नाही का?"

नोंद झाली नाही. परत जाण्याआधी वन्संनी स्वतःहून एक रविवार मागून घेतला. या वेळी त्या कोणाशी बोलल्या नाहीत, बाईंवरून नजर हलवली नाही, डोळेसुद्धा कमी मिटले. पण 'कारंजा चौक' स्टेशनाच्या पुढे बोगद्यात गाडी अकरा मिनिटं उभी राहिली. का, ते कोणी सांगितलं नाही. बाई दाराच्या काचेवर बोटं आपटत होत्या आणि वन्सं त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आत्ता नका बघू हो, आत्ता आपण गाडीत आहोत!"

"पुन्हा चूक नको."

एक तास चोपन्न मिनिटं. पाण्याच्या संचातली बाईंची ती सगळ्यात वाईट वेळ. नऊच्या नऊ ओळींवर ठसठशीत सह्या असल्यामुळे वहीकाकांनी ती मात्र लगेच, सुवाच्य अक्षरात वहीत चढवली.