अंगठा लागत नव्हता

ती घटना आठवली की आजही माझी मूठ आपोआप आवळली जाते. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका हादरलो तो एका अंगठ्यामुळे.

तेव्हा मी सोनपेठ पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. आठवडी बाजाराचा बंदोबस्त लावून टेबलाशी बसलो, तोच अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक मदतनीस मावशी आल्या. विधवा, मूलबाळ नाही. निवृत्तीची सगळी रक्कम त्यांनी बचत खात्यात ठेवलेली. महिन्याला खर्चापुरतं काढायचं, बाकीला हात लावायचा नाही आणि म्हातारपणी भावाच्या दारात जायचं नाही, हे पक्कं ठरवलेलं. आता बँकेत कळलं, खातं रिकामं.

"साहेब, मी कुणाला काही सांगितलं न्हाई. कार्ड तर माझ्याकडं न्हाईच. मग पैसे गेले कुठं?"

अशा वेळी पोलीस आधी घरच्यांवर संशय घेतो. मी भावाला दिवसभर ठाण्यात बसवलं. तो रडकुंडीला आला, पण हाती काही लागलं नाही.

खबर दिली चहावाल्यानं. मावशी मशीनवर अंगठा लावून जिथून पैसे काढायच्या, त्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राला लागूनच त्याची टपरी. "साहेब, त्याचं मशीन लय इचित्र हाय. तरण्यांचा अंगठा लगेच घेतंय, म्हाताऱ्यांनाच परत परत लावायला लावतंय."

केंद्रचालकाला उचलून आणलं. गडी शांत. "राबून राबून मावशीच्या बोटाच्या रेषा झिजल्यात, साहेब. अंगठा लागतच नाही. मी तरी काय करू?"

आणि मावशी त्याचीच बाजू घेऊ लागल्या! "खरंय साहेब. माझ्यापायी त्याचा लय टाइम जातो. मी हात घासून जाते, तरी लागत न्हाई. ह्याला मी अंगणवाडीत माझ्या हातानं खिचडी भरवलीय. ह्यो तसं करणार न्हाई."

माझं डोकं सणकलं. मशीन आणि त्याला घेऊन बँकेत गेलो. बँकेचे अधिकारी आणि दोन पंच यांच्यासमोर, नुसती शिल्लक बघायला म्हणून मावशींना अंगठा ठेवायला सांगितलं.

पहिल्याच दमात लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लागला.

अधिकाऱ्यांनी खात्याचा उतारा काढला, त्यात एकाच दिवशी लागोपाठ पैसे काढल्याच्या नोंदी. 'लागला नाही, परत लावा' असं तो म्हणायचा, तेव्हा दर वेळी खात्यातून पैसे निघत होते. एका वेळचे मावशींच्या हातात, बाकीचे त्याच्या खिशात. त्यानं तिथंच कबूल केलं.

मावशी त्याला म्हणाल्या, "आरं, मी तुझी माफी मागायचे रे. माझाच अंगठा खराब म्हणून."

एवढ्या नोकरीत असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. दरोडेखोराला लोक निदान शिव्या तरी देतात. हा लुटत होता आणि लुटली जाणारी बाई ओशाळत होती! तेव्हापासून कुणी म्हातारं माणूस 'माझंच चुकलं असंल' म्हणालं, की मी आधी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो.

ठाण्यात फिर्याद लिहून झाली. हवालदारानं शाईचं पॅड पुढे केलं, तसा मावशींनी हात पदराखाली घेतला.

"न्हाई साहेब. आता कुठंच लावणार न्हाई."

लय समजावल्यावर त्यांनी अंगठा दिला. दिल्यावर विचारलं, "लागला का?" मी होकारार्थी मान हलवली. बाहेर त्यांना आपल्या घरी न्यायला भाऊ उभा होता. खाली मान घालून त्या त्याच्या मागून चालू लागल्या.