जिवंत कापडाचा ब्लाऊज

नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे एक कापड तयार झालं. त्यात जिवंत जंतू होते. घामाचा, मासळीचा वास ते खातात, त्यामुळे कपडा रोज धुवावा लागत नाही, पाणी वाचतं. लोक असलं काही अंगावर घालतील का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. एकटीवर सोपवलेलं माझं हे पहिलंच काम. यादीत पहिलं नाव मी आईचं लिहिलं. ती लाखांदूरच्या बाजारात मासे विकते.

ब्लाऊज शिवून नेला. तिने तो दोन बोटांत धरला.

"जंतू आंगावर घालू?"

"माय, दह्यात बी जंतूच असतात."

"दही खावाले असते. आंगात घालाले नाही."

तरी घेतला, लेकीचं काम म्हणून. साबण नाही, लिंबू नाही, ऊन नाही. मळलाच तर साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण हे सगळं तिने मला दोनदा बिनचूक म्हणून दाखवलं. शेजारणींना ती तो "पाळलेला ब्लाऊज" म्हणून दाखवायची, असं नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी मी तो परत न्यायला गेले. ब्लाऊज भर उन्हात तारेवर, लिंबू-साबणाने खसखसून धुतलेला. जंतू केव्हाच मेले असणार. माझा पारा चढला.

"काहून धुतला? इतकं समजावून सांगितलं होतं ना!"

"चौदा दिवस नाही धुतला. वास बी नोता येत. काल तू फोन केला, येऊन राहिली म्हणून. मंग धुतला."

तारेवर तिच्या सगळ्या साड्या होत्या, चादरीही. मी येणार असले की ती हे असंच करते. मला ते तिचं स्वच्छतेचं वेड वाटायचं. बारावीत असताना मी तिला शाळेत येऊ नको म्हटलं होतं, तुझ्या अंगाला वास येतो म्हणून. मी ते विसरूनही गेले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तारेकडे बघवेना.

चाचणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: सूचना पाळल्या नसल्यास कारण. मी पेन धरून बसून राहिले.

"काय लिवून राहिली?"

"काय लिहू तेच समजून नाही राहिलं."

"लिव ना, बाई अडाणी होती, समजलं नाही तिले. नाहीतर तुले बोलतील."

मी तसंच लिहिलं.