उजव्या अंगठ्याचा ठसा

अक्काचा हात कापसाच्या जिनात गेला तेव्हा मी भोकरदनच्या शाळेत मास्तर होतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर धावड्याला. पण दाजींना जालन्याच्या एका जिनिंग कारखान्यात काम मिळालं, म्हणून दोघं लहान पोरीला घेऊन तिथंच खोली करून राहत होती. हंगामात अक्काही त्याच कारखान्यात जाई. यंत्रात कापूस घालायचा आणि खाली पडलेली सरकी ओढून काढायची, हे बायकांचं काम. सरकी काढताना खरं तर यंत्र बंद करायला हवं, पण मुकादम ते करू देत नसे. त्या दिवशी अक्काचा पदर पट्ट्यात अडकला. तो सोडवायला गेलेला उजवा हात आत ओढला गेला.

मला निरोप मिळून जालन्याला पोचायला तिसरा दिवस उजाडला. अक्का दवाखान्यात तापानं फणफणली होती, मला ओळखत नव्हती. हात सडायला लागला आहे, काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दुपारी कोपराखालून हात काढला.

महिनाभरानं ती घरी आली. कारखान्यातून कुणी फिरकलं नाही. दाजी दोनदा गेले, त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. मग कुणीतरी एका वकिलांकडे जायला सुचवलं. वकीलसाहेब भले होते. कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकानं भरपाई द्यावी असा कायदा रियासतीतही आता झाला आहे, म्हणाले. अर्ज उर्दूत लागायचा. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं, तेव्हा मीच तो लिहिला. लिहून झाल्यावर अक्काला तिच्या बोलीत समजावून सांगितला. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मुकादमानं मशीन बंद करू दिली न्हाई, हे लिवलं का?" मी म्हटलं, पहिल्यांदा तेच लिहिलंय.

मग तारखा सुरू झाल्या. शाळेतून रजा घेऊन मी भोकरदनहून यायचो. अक्का पदराखाली हात झाकून कचेरीच्या ओट्यावर बसलेली असायची. कधी मुन्सफ दौऱ्यावर, कधी समोरचे वकील आजारी. अक्काच्या शेजारी काम करणाऱ्या दोघी साक्ष द्यायला तयार होत्या. तारखेच्या दिवशी एकीही आली नाही. दाजी त्यांच्या घरी गेले तर एक जण रडायला लागली. तिचा नवराही त्याच कारखान्यात होता.

आणि मग एका पेशीला कारखान्याच्या वकिलानं एक कागद पुढं केला. आमच्या वकिलांनी तो वाचला आणि माझ्या हातात दिला. मनाई असताना मी चालू यंत्रात हात घातला, चूक माझी आहे, कारखान्यानं माझं दवापाणी केलं, माझा आता काही दावा नाही, असं त्यात होतं. खाली अंगठ्याचा ठसा होता. तारीख हात काढण्याच्या आदल्या दिवसाची.

मी तो अक्काला वाचून दाखवला.

"हे मी म्हणले?"

"तुझ्या नावानं लिहिलंय."

"मी तर काहीच बोलले न्हाई रे. मला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं."

मला वाटलं, ठसा खोटा असणार. वकिलांनी तसंच म्हणून पगाराचं रजिस्टर मागवलं. दर आठवड्याला अक्का त्यात अंगठा करायची. पण जाणकारानं दोन्ही ठसे भिंगाखाली धरले आणि सांगितलं, बराबर आहे, एकाच अंगठ्याचे आहेत.

तेव्हा मला आठवलं. त्या तिसऱ्या दिवशी पट्टीतून बाहेर आलेली अक्काची बोटं मी ओल्या फडक्यानं पुसली होती. अंगठ्याला काळी शाई होती. मला वाटलं, यंत्राचं वंगण असेल. चोळून चोळून मी तो स्वच्छ केला होता.

बाहेर आल्यावर दाजींना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "तू यायच्या आदल्या दिवशी कारखान्याचे मुनीम आल्ते. मला म्हणले, बाईसाठी दूध घेऊन या. मी गेल्तो."

मी साक्ष दिली. मुन्सफांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठसा घेतला तेव्हा बाई बेशुद्ध होती, हे तुम्ही स्वतः पाहिलं का, एवढंच विचारलं. मी ठशाच्या दुसऱ्या दिवशी पोचलो होतो. नाही म्हणावं लागलं. डॉक्टरांची बदली झाली होती, ते कुठं गेले ते कुणी नीट सांगेना. शाईचं मी बोललो, त्याचा आमच्याविरुद्धच उपयोग झाला. अंगठा तिचाच होता हे मीच कबूल केलं, असं निकालात आलं. अर्ज फेटाळला गेला.

अपील औरंगाबादला करायचं होतं. तोवर गडबडीचे दिवस सुरू झाले. वकीलसाहेब बायकामुलांना घेऊन रियासतीबाहेर निघून गेले, आमचे कागद त्यांच्या कपाटातच राहिले. पोलीस ॲक्शननंतर कचेरीत नवी माणसं आली. मी मोठ्या आशेनं गेलो. नव्या कारकुनानं मला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मुदत टळून गेली आहे, आता काही होत नाही, असं सांगितलं. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं.

अक्का आणि दाजी धावड्याला परत गेली. ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. भाकरी कडेला जाड राहायची. पोरीची वेणी मात्र तिला घालता येईना. रोज सकाळी पोर पाठ करून पुढ्यात बसायची, अक्का नुसती फणी फिरवायची आणि मग शेजारच्या बाईकडे पाठवून द्यायची.

मुदत टळल्याचं मी तिला सांगितलं नाही. सुट्टीत गेलो की जेवण झाल्यावर ती विचारायची, "औरंगाबादचं काही आलं का रे?" मी म्हणायचो, अजून नाही. पुढं तिनं विचारणं सोडलं. कधीपासून, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.